अर्थ मागच्या बाजूला

रात्री भांडी झाली की अक्षता चिठ्ठ्या आणते.
जुन्या लग्नपत्रिकांचे पाठकोरे तुकडे,
माझ्याच दुकानातल्या कात्रीनं कापलेले.
पुढं इंग्रजी शब्द, खाली माझ्यासाठी देवनागरीत उच्चार,
अर्थ मागच्या बाजूला, बारीक पेन्सिलीनं.
"पप्पा, विचारा की."

मी विचारतो.
तीस वर्षं इंग्रजी रंगवलं, फुटाच्या दरानं.
जीचं पोट, आरची तंगडी, क्यूची शेपटी,
सगळ्यांची मापं हाताला पाठ.
अर्थाचे पैसे कुणी दिले नाहीत,
मीही कधी मागितले नाहीत.

"टॅसिटर्न."
"कमी बोलणारा."
बरोबर. म्हणजे आपला गिरणीवाला परशराम.
डबा घेतो, डबा देतो, मधे फक्त गिरणी बोलते.

"गॅरुलस."
ती अडते.
अगं, गणपत गल्लीतली फुलवाली मल्लव्वा!
हार मागितला की आधी जावयाची गोष्ट,
मराठीत सुरू, कन्नडात रडू,
हिशोबाला परत मराठीत.
"हां," म्हणते, "आता नाही विसरत."

"इक्विव्होकल."
चारदा चुकली. पाचव्यांदाही.
मी चिठ्ठी उलटली:
धड होय नाही, धड नाही नाही, असं बोलणं.
म्हटलं, पोरी, याला कशाला पाठांतर?
उधारी मागायला गेलं की दुकानदार काय म्हणतो?
"बघूया की."
हसली. मागं अजून एक ओळ लिहिली: बघूया की.

"इफेमरल"ला मी काही बोललो नाही.
गोवावेसजवळचा माझा बोर्ड, बावीस फूट,
तीन लिप्या, सोनेरी किनार.
एकदा अक्षरांच्या उंचीवरून खरवडला,
एकदा गावाच्या नावावरून,
तिसऱ्यांदा कुणी भांडलं नाही,
सरळ वरून फ्लेक्स ठोकला.
फ्लेक्सचा रंग दोन उन्हाळ्यांत उडाला.
एका कोपऱ्यात तो फाटलाय,
तिथून माझा ळ दिसतो.
तिनं अर्थ बरोबर सांगितला.
मी पुढची चिठ्ठी घेतली.

परीक्षा हुबळीला.
पहाटेच्या बसमध्ये ती खिडकीशी पुटपुटत बसली.
मी स्टँडवरच्या पाट्या वाचत उभा,
कुणाचा हात आहे, कुठं घाई केलीय, बघत.
रात्री परत आली, दोन आकडे सांगितले.
"चांगले का?"
चप्पल काढता काढता म्हणाली, "बघूया की."

आता चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात.
तिचे दिवस दाखल्यांचे, शिक्क्यांचे,
बँकेतल्या साहेबासमोर थांबायचे.
शब्द तेवढे माझ्या तोंडात राहिलेत.
परवा टपरीवर म्हणालो, आज चहा इन्सिपिड आहे.
त्यानं न बोलता साखर वाढवली.
कळलं म्हणजे.

मग मौलाली रिक्षा घेऊन आला.
"मामा, मागं कायतरी लिवा.
आईचा आशीर्वाद नको, सगळ्यांकडं हाय."
मी ब्रश धुतला. पिवळा घेतला, किनारीला लाल.
तेरा अक्षरं,
दोन पी, दोन सी, दोन आय, दोन एस,
चिठ्ठी न बघता.
"काय लिवलासा हे?"
पर्स्पिकेशस.
"म्हणजे काय ओ?"
ज्याला साफ दिसतं, तो.
तो मागं सरकला, डोळे बारीक केले,
जिभेनं शब्द चाचपला, सोडून दिला.
"मागं लिवलंय, म्हणजे मागचं दिसतं?"
म्हटलं, आरसा पूस आधी.

कपिलेश्वर पुलाच्या चढावर
आता ती रिक्षा धूर सोडत पुढं जाते
आणि मागच्या स्कूटरवाल्यांचे ओठ हलतात.
सिग्नलला कुणी विचारलं तर मौलाली सांगतो म्हणे,
"पेंटरमामाची पोरगी निघालीय न्हवं परदेशी?
त्या गावाचं नाव."

मी दुरुस्त करायला गेलो नाही.
स्पेलिंग बरोबर आहे.