वेळ लिहिणारी

पेंडलच्या पायथ्याशी, बार्ली गावात,
कारपार्कच्या कडेला माझं घडीचं टेबल.
दोन स्टॉपवॉच, एक वही, पेन्सिली तीन
(इथल्या ओल्या हवेत पेन रुसतं),
आणि डब्यात शनिवारच्या उपासाची खिचडी.
नवरा बर्नलीच्या इस्पितळात. मला शनिवार मोकळे.
कुणीसं विचारलं, वेळ लिहाल का?
अकरा वर्षं लिहितेय.

हेस्टर ब्लेझर्ड, बावन्न, शाळेत स्वयंपाक करते.
जर्सी निळी होती म्हणे; धुऊन धुऊन राखाडी.
छातीवर चॅपलचं नाव.
आजोबांच्या काळी ह्या जर्सीतले चाळीसजण
गिरणी सुटली की टेकडी चढायचे.
आता रविवारी बाकांवर नऊ डोकी,
त्यात ऑर्गन वाजवणारा बहिरा.
जर्सी एकच उरलीय.
ती थांबली, की संपलं.

सुमय्या जंजुआ, अडतीस, नेल्सनला बस चालवते.
डोक्याला घट्ट काळा रुमाल, बाह्या मनगटापर्यंत.
ज्या मागावर दिवसा हेस्टरचा बाप,
त्याच मागावर रात्री सुमय्याचा.
दोघांची गाठ कधी पडली नाही,
फक्त धोट्याला एकाचा हात सुटताना
दुसऱ्याचा लागायचा, कोमटावर.
पबच्या भिंतीवर विजेत्यांचा फलक आहे, सोनेरी अक्षरं.
सुमय्या पबात पाय ठेवत नाही.
नाव मात्र तिला आत धाडायचंय.

सहा वर्षं : पहिली हेस्टर, दुसरी सुमय्या.
एकमेकींशी बोलणं, 'चिखल आहे.' 'हो, आहे.'

यंदा शर्यत रोज्यांत आली.
मी अजिंक्यताऱ्याखाली वाढलेली,
छातीवरचा चढ कोरड्या तोंडानं म्हणजे काय
ते घशाला ठाऊक आहे.
डब्याचं झाकण मी उघडलंच नाही त्या दिवशी.
एकादशी दुप्पट खाशी, असं आई म्हणायची
आणि मी हसायचे.

वर धुकं. माथ्यावरच्या दगडापाशी पाण्याचे पेले.
तिथला पोरगा नंतर सांगत होता :
हेस्टर आधी पोचली, पेला उचलला,
मागे वळून पाहिलं, आणि तसाच खाली ठेवला.
सुमय्या आली ती पेटूनच.
'उचल तो,' म्हणाली.
'उपास माझा आहे. तुझा नाही.
तू पी. पिऊन मग हर.'
हेस्टर प्यायली. पोरगा म्हणाला,
औषध प्यावं तशी, डोळे मिटून.
मग दोघी उतारावर सुटल्या
सुटलेल्या धोंड्यांसारख्या.

धुक्यातून आधी आवाज आला, श्वासांचा,
कुणाचा कुठला ते कळेना.
मग राखाडी. मग काळं.
चार सेकंद.

पेन्सिल हातात होती. खोडरबरही.
खोटं कशाला सांगू, मनात आलं.
पण न प्यायलेलं पाणीच झालं असतं तेही.
लिहिलं : ब्लेझर्ड, जंजुआ.
सुमय्यानं वहीत डोकावून आकडा वाचला,
मान हलवली, बिल तपासून हलवावी तशी.

सगळे गेले. तंबू उतरला.
सुमय्या गाडीच्या बॉनेटवर बसलेली,
शेजारी पिशवीत खजूर, गाठ न सोडलेली.
हेस्टरची गाडी पलीकडे. इंजिन बंद,
वायपर मात्र उगीच चालू.
चॅपल जूनमध्ये विकलं जाणार,
ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं अजून.
काच खाली करून तिनं मला विचारलं,
'किती वाजले?'
आणि त्याच क्षणी बॉनेटवरून, 'किती वाजले?'

अकरा वर्षांत पहिल्यांदा
दोघींना एकच वेळ हवी होती.
मी घड्याळ पाहिलं. सहा वाजून नऊ.
'तीन मिनिटं,' म्हणाले,
आणि स्टॉपवॉच सुरू केलं,
सवयीनं.