एकोणिसावा रिव्हेट

पंखाखाली निळा डाग.
नखाएवढा. काल नव्हता,
किंवा काल मी वाकून पाहिलं नव्हतं.
बोट लावलं, हुंगलं. पेट्रोलच.
विल्फ गारसाइड दारातच थांबला,
न पेटवलेला पाइप खिशात सरकवत:
"रडतंय तुझं पोर."

ड्रिफील्डबाहेरचं हे शेड. पूर्वी इथे बटाटे साठवत.
फरशीला अजून तो मातकट वास आहे
आणि ईस्ट यॉर्कशरचा वारा
पत्र्याच्या फटीतून न विचारता आत येतो.

टाकी रिकामी करण्यात अख्खी दुपार गेली.
हवेच्या नळीला फुगा बांधला, लाल,
त्यावर मोठा सात. दुकानात तेवढाच उरला होता.
सायकलच्या पंपाने जपून हवा भरली.
मग भांडी घासायचा साबण, जुना ब्रश,
आणि नुसतं बघत बसणं.

पहाटे फुगा मलूल. धस्स झालं.
नऊ वाजता ऊन दाराशी आलं
तसा तो परत गुबगुबीत.
गळती नव्हे, थंडी.
"जानेवारीत माझंही असंच होतं," विल्फ म्हणाला.

तिसऱ्या प्रहरी बुडबुडा आला.
मोहरीएवढा, मग तुरीच्या दाण्याएवढा, फुटला,
आणि त्याच जागी दुसरा.
पहिली फासळी. एकोणिसावा रिव्हेट.

बांधकामाची वही काढली.
"१४ मार्च. डावी टाकी. बाहेर गारा.
गन: मी. बार: शलाका.
हात भरून आला तरी सोडेना."

रिव्हेटला दोन माणसं लागतात.
एक बाहेरून ठोकतं,
दुसरं आतून लोखंड धरून तो मार सोसतं.
ती बारा वर्षांची होती.
खांद्यापर्यंत हात टाकीत, कानांवर माझे मफ,
आणि मी ओरडत होते, धरलंस का? धरलंस?

फोनवर लिहिलं: तुझा एकोणिसावा गळतोय.
डंडीहून उत्तर, मिनिटभरात:
बार मी सरळ धरला होता. गन वाकडी होती.

मुळाकडचं गोल झाकण उघडलं.
स्वयंपाकघरातल्या काट्यावर सीलंट तोललं, दहाला एक.
सडक्या कांद्याचा वास, डांबराचा रंग.
हात आत घातला. कोपराशीच अडकला.
तिचा किती सहज गेला असेल.
आत दिसत काही नाही. बोटांनीच मोजायचं.
अकरा, बारा. पत्र्याची धार मनगटाला.
सतरा. अठरा.
ही टिकली जराशी कलती आहे.
बाहेरच्या बाजूने कलती.
म्हणजे गन.

थंडीत विरजण लागत नाही, तसंच हेही.
पंखाला गोधडी गुंडाळली, खाली दिवा ठेवला,
चार दिवस थांबले.
पाचव्या दिवशी फुगा, साबण, वाट बघणं.
काही नाही.

वहीत लिहिलं:
"डावी टाकी. पहिली फासळी. बार सरळ होता.
गळती बंद."
आणि थोडी जागा सोडून:
"बहुधा."