आकडा स्पष्ट दिसावा

तितरमारे साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
फोटोत फक्त आकडा पाहिजे.
सावली नको, बोट नको, काचेवर चमक नको.
आकडा पुसट, तर त्या घराचे पैसे कट.

मी तांडापेठेतून सुरुवात केली.
लोक मीटर कुठे कुठे बसवतात,
चपलांच्या वर, देव्हाऱ्याच्या मागं,
कूलरच्या इतका जवळ
की मोबाइल पुढे केला तर वारा हात ढकलतो.
पहिले सहा महिने मला आकडेच दिसले,
झोपेतही, हिरवट काचेत पुढे पुढे सरकणारे.

मग मे महिना. पारा पंचेचाळीसच्या वर.
डोमाजी परात्यांच्या ओसरीत
मागाच्या जुन्या खड्ड्यावर फळ्या टाकलेल्या,
त्यावर पाय द्यायची हिंमत होईना.
फोटो लांबूनच काढला.
आकडा गेला कोपऱ्यात
आणि उरलेली सगळी भिंत आत आली:
चुन्याचे पोपडे, पेन्सिलीच्या आडव्या रेघा,
प्रत्येक रेघेपाशी एक तारीख.
शेवटची रेघ मीटरच्या बुडाला टेकलेली.
त्याच्यावर काही नाही.

नातू का?
"हो जी. पुण्याले असते आता.
येते तवा मीटरले डोकं लागते त्याचं."

तो फोटो मी पाठवला नाही. ठेवला.
फळ्यांवरून जपून पुढे गेलो, दुसरा काढला, आकड्याचा.

तेव्हापासून प्रत्येक घरी दोन.
एक वीज कंपनीचा,
एक कोणाचा, ते अजून ठरलं नाही.

इतवारीत नाश्त्याच्या बशीत उरलेला तर्रीचा लाल तवंग,
त्यात वाकडी होऊन पडलेली ट्यूबलाइट.
दुपारी तीनला लोखंडी जिन्याची सावली
समोरच्या भिंतीवर खऱ्या जिन्यापेक्षा दोन पायऱ्या जास्त चढते.
खिडकीत वाळत घातलेली संत्र्याची सालं,
ती मी सतरा वेळा काढली.
सालीत जे होतं ते एकदाही आलं नाही.

नंदनवनात एका बाईनं हटकलं,
"काहून जी, माह्या चपलांचा फोटो काढून राहिले?"
उत्तर नव्हतं, म्हणून मोबाइलच पुढे धरला.
तिनं बोटांनी मोठा करून पाहिला,
एक चप्पल पालथी, एक तिच्यावर रेललेली,
अंगठ्याचा खड्डा, तुटून शिवलेला पट्टा.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग पायानंच दोन्ही सरळ केल्या, जोडीनं.
"आता काढा."
सरळ केलेल्या चपलांत काही राहिलं नव्हतं.
तरी काढला.
तो तिचा.

यंदा नवे मीटर आले. स्वतःचं रीडिंग स्वतः पाठवतात,
कोणी दारात उभं राहायची गरज नाही.
साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यापासून नको येऊ.
वाईट वाटलं असावं त्यांना, चहा सांगितला.
कपाच्या कडेवर चहा सुकत गेला,
एकाखाली एक, तपकिरी रेघा.
मी पाहत होतो, ते समजले मी रागावलो.

शेवटच्या दिवशी परात्यांकडे गेलो, बिनकामाचा.
नवा मीटर बाहेर, गेटपाशी.
आत भिंतीवर जुन्याच्या जागी पांढरा चौकोन,
कोणाची तरी तसबीर उतरवल्यासारखा.
आणि त्या चौकोनात, वरच्या कडेला जवळजवळ,
एक ताजी रेघ. तारीख मागच्या रविवारची.
डोमाजी म्हणाले, "स्टुलावर चढून मारली मी."

फोटो काढला.
आकडा नाही. उन्हाची चमक आहे.
कोपऱ्यात माझं बोट आलंय.
राहू दिलं.