नॉन-रिटर्न

सूरच्या इस्पितळात तळमजल्यावर माझी खोली.
खिडकी नाही. एसी अठरावर,
कारण यंत्राला उकडतं.

शब्बीर पावसकर, वय चोपन्न.
डाव्या कुशीवर वळा, हात उशाखाली, हं, असा.
जेल गार लागेल.

ही बघा, ओसरी.
पुस्तकात तिला अलिंद म्हणतात,
पण अलिंद म्हणजे ओसरीच.
तिच्याखाली निलय, म्हणजे घर.
फुप्फुसांकडून रक्त आधी ओसरीवर येतं,
टेकतं न टेकतं
तोच दोन पाकळ्यांचं दार उघडतं.

ठिणगी पडते ती मला इथे दिसत नाही,
ती कागदावरच्या रेघेत.
उजव्या ओसरीच्या माथ्याला
खजुराच्या बीएवढं काहीतरी
कुणी न सांगता पेटतं.
ओसऱ्या आकसतात.
मधली गाठ तो निरोप अडवून धरते,
सेकंदाचा दहावा भाग,
घर भरेस्तोवर.
मग सोडते,
आणि घर स्वतःला पिळून काढतं,
ओला पंचा पिळावा तसं.

"आमच्याकडे ह्याला नॉन-रिटर्न व्हॉल्व म्हणतात," तो म्हणाला.
बावीस वर्षं खाऱ्या पाण्याचं गोडं करतोय,
मोठ्या पंपाशी.
"गेलेलं पाणी मागं येता नये."
मग जरा थांबून,
"आणि स्टँडबाय पंप कुठाय?"
नाही.
"एकच?"
एकच. दुरुस्तीलाही बंद ठेवत नाहीत सहसा.
"कंपनी कुठली म्हणायची ही," तो हसला,
पडद्यावर सगळं घर हललं.

हसू नका, चित्र जातं.

दार मिटतं तेव्हा
एक निळी चूळ उलटी ओसरीकडे उडते.
पाकळीला धरून ठेवणारी एक दोरी तुटलीय,
शिडाच्या दोरीसारखी.
"मग ह्या गावात कोणीही सांधून देईल,
खाडीवर गलबतंच बांधतात."

किती मागं जातं, त्याने विचारलं.
शंभरातलं तीसेक.
तो गप्प. ओठ हलत होते, मला वाटलं दुआ म्हणतोय.
हिशेब करत होता.
"दोन वर्षांनी चाळीस दिवस सुटी,
म्हणजे मी शंभरात साडेपाच.
रक्त बरं माझ्यापेक्षा."

मी काही बोलले नाही. जेल पुसायला कागद दिला.

सदऱ्याची बटणं लावता लावता म्हणाला,
आवाज ऐकू येतो का हो ह्यात?
पुन्हा आडवं केलं. बटण दाबलं.
खोलीभर धाप लागल्यासारखं
सूं-धप, सूं-धप.
त्याने डोळे मिटले, मान तिरकी केली,
पंपाला स्क्रूड्रायव्हर टेकवून
त्याची मूठ कानाला लावतात, तशी.

बराच वेळ ऐकलं.
"बेअरिंग चांगलं आहे," तो म्हणाला,
"सील गेलंय."

रिपोर्टात मी तेच लिहिलं,
फक्त जरा लांबलचक.