निरंक

झोन ऑफिसातून परिपत्रक आलं तेव्हा
त्यात एका शब्दाची जागा कोरी होती.
मोठ्या बाईंनी आधी लिहिलं होतं 'प्रथा',
मग 'हानिकारक प्रथा',
साहेबांनी दोन्हींवर रेघ मारली, म्हणाले,
सिस्टर, तुम्ही समजून घ्या.
घेतलं. एकवीस वर्षं
कोऱ्या जागा समजून घ्यायचाच पगार उचलतेय.

इतवारीत दुपारी साडेबाराला
सावलीसुद्धा दुकानात सरकून बसते,
बिजागऱ्या, कड्याकोयंडे, खिळ्यांच्या पोत्यांमध्ये.
जिना चढून गेले. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास.
बतूलनं दार उघडलं, निळा रिदा, कडेला पांढरी लेस.
"मुलींची रक्ततपासणी," मी म्हटलं. खोटं नव्हतं.
सात वर्षांच्या मुली, असं यादीत होतं.
सातच का, ते यादीत नव्हतं.
तिनं यादीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

अरवा माझ्या पिशवीत डोकावत होती,
पुढचे दोन दात पडलेले.
"मैं मुंबई जा रही हूँ, दादी के साथ,
सत्रह तारीख को. आइसक्रीम मिलेगी."

बतूलच्या हातातलं सरबत तिथंच थांबलं.
पोरगी गॅलरीत गेल्यावर म्हणाली,
"मुझे भी मिली थी."
मग बराच वेळ कूलरच बोलत राहिला.
"गुलाबी होती. मैं आज भी गुलाबी नहीं खाती."

आणि लगेच, कुणी आरोप केल्यासारखं:
सासू वाईट नाही हो, सिस्टर,
बाळंतपणात चाळीस दिवस माझे पाय चेपलेत तिनं.
तिच्यासमोर नाही म्हणायला तोंड उघडत नाही माझं.
एखादा कागद असेल तर द्या.

असा कागद माझ्या पिशवीत नव्हता.
कापूस होता, सुई होती, लोहाच्या बाटल्या होत्या.
बोट टोचलं, अरवा रडली नाही, मोजत राहिली थेंब.
नऊ पूर्णांक आठ. थोडं कमी.
निम्म्या शहरातल्या पोरींचं एवढंच भरतं,
त्यांना मी बाटली देते आणि पुढच्या दाराला जाते.
या वेळी बसले. निळं कार्ड काढलं.
दर मंगळवारी तपासणी: पाच मे, बारा, एकोणीस, सव्वीस.
खाली लिहिलं, चुकवू नये.
शिक्का दोनदा मारला, पहिला पुसट उमटला म्हणून.

म्हातारीनं चष्मा लावला, कार्ड उलटंसुलटं केलं,
अक्षरांवरून नाही, शिक्क्यावरून बोट फिरवलं.
"सरकारी है?"
सरकारी.
ती माझ्याकडे बघत राहिली. तिलाही कळलं असावं,
सात वर्षांची तीही कधीतरी होतीच.
मग खाली दुकानात हाक मारून तिनं मुलाला विचारलं,
तिकीट रद्द केलं तर किती कापतात.

मंगळवारी अरवा आली. शेहेचाळीस डिग्री,
दवाखान्याच्या फरशीवर चप्पल काढवत नव्हती.
फ्रॉकच्या खिशात काहीतरी गोल.
"कांदा," म्हणाली, "लू लागू नये म्हणून."
कुणी दिला?
"दादीनं."

यादीत आणखी नऊ नावं होती.
चार दारं उघडलीच नाहीत.
एका दारी माझ्याच हातात मिठाई ठेवून मला परत पाठवलं.
आणि जूनमध्ये शाळा भरली तेव्हा
एक मुलगी बाकाच्या अगदी टोकाला बसली होती,
लंगडीच्या डावात नव्हती.
मी तिचं वजन केलं, उंची घेतली.
विचारायला शब्द हवा होता, तो परिपत्रकातही नव्हता.

महिनाअखेर अहवाल. रकाना अकरा.
आढळलेली प्रकरणं, थांबवलेली प्रकरणं.
वरून फोन: निरंक लिहा आणि पाठवा, सिस्टर.
निरंक मी नेहमी वळणदार काढते,
वेलांटी अशी की कुणीही कौतुक करावं.
त्या दिवशी अनुस्वारावर पेन टेकवलं आणि
उचललंच नाही,
शाई पसरत गेली खालच्या ओळीपर्यंत.

दिवाळीच्या सुट्ट्या एकवीस दिवसांच्या आहेत.
अरवाचं हिमोग्लोबिन आता साडेअकरा.
उत्तम आहे, म्हणजे अडचणच आहे.
कार्ड उलटून पाहिलं,
मागच्या बाजूला बरीच जागा आहे.