टपालखातं, स्वयंपाकघर शाखा

नर्सबाई फेरीबोटीनं आली, बूट दारात काढले,
टेबलावर एक माहितीपत्रक ठेवून गेली.
मणी ओवा. चित्रं रंगवा. फुगा टोलवा.

मणी लेइदानं एकदा ओवले,
दुसऱ्यांदा सूपमध्ये टाकले.
बारा तुकड्यांचं कोडं होतं, बदकाचं.
ते पाहून तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की मी बदक उचलून शेगडीत घातलं.
पुठ्ठा होता, छान पेटला.

डिसेंबरात आमच्या बेटावर
उजेड नऊला येतो आणि साडेतीनला टोपी घालून निघतो.
मग ती दाराशी उभी, कोट अंगात, बटणं उलटसुलट.
उशीर होतोय मला.
कशाला?
कामाला!
आणि हात कडीवर.

मला सुचायला दोन महिने लागले.
सुतार माणूस मी,
डोकं रंध्यासारखं, एकाच दिशेनं चालतं.
शेवटी पाइनच्या फळ्यांची मांडणी ठोकली, बारा खण,
प्रत्येकावर एका गावाचं नाव:
कैना, एम्मास्ते, कस्सारी, पालादे...
शेजारच्या वैकेनं नवऱ्याचा तिकिटांचा आल्बम आणला,
त्याच्या जिवापाड जपलेला,
आणि कात्रीनं, न रडता, पानं मोकळी केली.
दोघांनी बसून पाकिटांवर पत्ते लिहिले,
अक्षरं वेगवेगळी वाटावीत म्हणून
मी निम्मे डाव्या हातानं.

दुसऱ्या दिवशी ती कोट घालून उभी राहिली
तेव्हा मी म्हणालो, टपाल आलंय.

वार गेलेत तिचे. आमची मुलगी
फोनमधली कुणी बाई झाली आहे.
पण कस्सारीचं पाकीट कैनाच्या खणात
एकदाही गेलं नाही.
अंगठा जिभेला, नजर पत्त्यावर, आणि टप्.
टप्. टप्.
बंद पडलेल्या घड्याळाला कुणी चावी दिल्यासारखं घर.
मी जवळ गेलो तर खेकसली:
काउंटरच्या आत यायला मनाई आहे!
काय बरं वाटलं म्हणून सांगू.

रात्री ती झोपली की मी खण रिकामे करतो,
पत्ते पिसावेत तशी पाकिटं पिसतो.
कुणाचा तरी महिन्याचा पगार
उशीखालून काढल्यासारखं वाटतं.
पण सकाळी टपाल यायलाच हवं.

रोज असं जमत नाही.
बुधवारी तिनं एम्मास्तेचं सगळं फाडलं,
एक फळी मला लागली.
नर्सबाईला सांगितलं, कपाटाचं दार.
तिनं वहीत काहीतरी लिहिलं, मोठं.

काल एक पाकीट बाजूला काढून बसली होती.
पेंगत पत्ते लिहिताना मी माझंच नाव लिहिलेलं,
पुढं गावच नाही.
हे कुठं टाकू? पत्ता अपुरा.
परत पाठव, मी म्हणालो.
छे, येतो ना तो. सुतार आहे.
बंद व्हायच्या वेळेला येतो, एकच तिकीट घेतो,
रोज कुणाला लिहितो देव जाणे.
केसांत भुसा असतो त्याच्या.
मग आवाज खाली आणून:
साहेबांना सांगू नका,
मी खिडकी पाच मिनिटं जास्त उघडी ठेवते.

मी कधी कुणाला लिहिलंच नव्हतं.
ती तिकिटं कितीतरी वर्षं
हत्यारांच्या पेटीत, किसणीखाली पडून होती.

बाहेर काळोख झाला होता.
मी मागच्या दारानं बर्फात गेलो,
घराला वळसा घालून पुढच्या दारानं आलो,
टोपी काढली. भुसा अडकायला
आता केस उरलेले नाहीत.
पन्नास सेंटचं नाणं टेबलावर ठेवलं.
एक तिकीट द्या.

तिनं मानही वर केली नाही.
बंद झालंय, म्हणाली. उद्या या.

उद्या येतो, म्हणालो,
आणि बटाटे उकडायला लावले.