पिठाचा उतार

ठेंगरे हवालदारांच्या गिरणीत
वीज साडेअकराला जाते, तीनला येते.
आमचं नियोजन तेवढ्या वेळातलं.
बाहेर मे महिना. टिन तडतडतंय,
पट्टा लोंबतोय चाकावरून,
आणि दळणाच्या डब्यांवर फळी टाकून
आम्ही पसरतो फेब्रुवारीचा नकाशा.

मी भूकरमापक. देवळी तालुक्यात
धुऱ्यावरची भांडणं मोजते.
आमच्याकडच्या समोच्च रेषा इतक्या लांब लांब
की एकीला दुसरीचं नाव माहीत नसावं.
ह्या नकाशात त्या
पंगतीला बसल्यासारख्या खेटून.
"जितक्या खेटून तितका चढ," मी शिकवते.
प्रमिला उईके विचारते, "अन् उतार नाई का?"

पाच दिवस. चार कुट्या.
एकीत चूल आहे म्हणतात, एकीला दार नाही.
पायांत स्की; चढताना तळाला कातडं चिकटवायचं,
माथ्यावर सोलून काढायचं,
ओलं झालं तर छातीशी धरून सुकवायचं.
हे सगळं आम्हाला पाठ आहे.
बर्फ मात्र आम्ही पाहिलाय तो
लग्नात, भुशात गुंडाळलेल्या लादीचा,
सळईनं फोडायचा, मठ्ठ्यात टाकायचा.

मागच्या हिवाळ्यात जिनिंगमागच्या ढिगावर
हवालदारांनी आम्हाला वळायला शिकवलं.
मला वाटलं होतं कापसावर.
"कापूस धरून ठेवते, बाई," ते म्हणाले,
"सरकी पाहा. ते सोडून देते."
दोन आठवडे केसांतून सरकी निघत होती.
जिनिंगचा चौकीदार अजूनही
आम्हाला पाहून डोक्याला हात लावतो.

धान्याच्या काट्यावर पाठपिशव्या.
माझी सोळा किलो, प्रमिलाची साडेसतरा.
हवालदार काढत जातात:
दुसरं पातेलं, तिसरा स्वेटर,
शेंगदाण्याच्या लाडवांचा अर्धा डबा
(एक तोंडात टाकून, बाकीचे परत).
फावडं काढू देत नाहीत.
दोरीला हात लावत नाहीत.
"बाराच्या खाली आणा. पाठ दुखली
की माणूस पायाखाली पाहते, वर पाहत नाई."

तिसरी कुटी नकाशात आहे.
त्यांनी तिच्यावर पेन्सिलनं फुली मारली.
"नाई आता ते."
कधीपासून, आम्ही विचारलं नाही.
त्यांनीही पेन्सिल
गरजेपेक्षा जास्त वेळ तासली.

मग एक टिनपत्रा घेतला.
त्यावर कोंडा पसरला, हातानं थापला नाही.
कोंड्यावर चाळणीनं मैद्यासारखं बारीक पीठ,
थर बोटभर झाला तशी
पत्र्याची एक बाजू उचलत गेले, हळू,
वीस अंश, पंचवीस, मी कोनमापक धरलेला,
काही होत नव्हतं,
तीस, काही होत नव्हतं,
प्रमिला म्हणाली, "चिकटलं वाटते"
आणि त्यांनी कडेला
नखानं एक टिचकी मारली.

वरचा थर आडवा तडकला, अख्खा,
एकाच तुकड्यात खाली आला,
त्याला आवाजसुद्धा नव्हता.

"टिचकी म्हणजे तुम्ही," हवालदार म्हणाले.
मग नकाशाच्या समासात मोठ्ठा दोन लिहिला.
दुपारचे दोन.
खिंड समोर दिसत असो, हात पुरत असो,
दोन वाजले की पाठ फिरवायची.
"शपथ घ्या."
कशाची, प्रमिलानं विचारलं.
त्यांनी आजूबाजूला पाहिलं. जात्यावर हात ठेवायला लावला.
दगड गरम होता.

ते येणार नाहीत. गुडघा, ते म्हणतात.
कागदावर मात्र पाचही रात्री
आमच्याबरोबर झोपतात,
कुठल्या भिंतीशी डोकं करायचं सांगतात,
कुठल्या भिंतीशी नाही.

तीनला वीज आली. पट्टा हिसका देऊन चढला.
वच्छला राऊत बाई गव्हाचा डबा घेऊन दारात,
"काऊन जी, पीठ सांडवून रायले?"
हवालदारांनी सांडलेलं गोळा केलं,
कुत्र्याच्या भाकरीला वेगळं ठेवलं.

मी नकाशा घडी केला.
तिसऱ्या दिवसाच्या घडीत थोडं पीठ राहिलंय.
झटकलं नाही.